टपालाने आलेलं पोहणं

जलतरण तलावाच्या कचेरीतली ती नोटीस हेडक्लार्कनी स्वतःच टाइप केली होती, स्वतःच तिला जावक क्रमांक घातला होता आणि चार कोपऱ्यांना चार टाचण्याही स्वतःच टोचल्या होत्या. 'अपवाद केला जाणार नाही' हे वाक्य तर मूळ मसुद्यात नव्हतंच. नोटीस जरा पुळचट वाटते म्हणून त्यांनी ते आपल्या मनाने घातलं आणि वर अधोरेखितही केलं. मग दोन पावलं मागे सरून, कागद सरळ लागलाय का ते पाहताना त्यांनी ती नोटीस पहिल्यांदा वाचली. तलावाच्या सर्व कर्मचाऱ्यांनी येत्या पंधरा तारखेला सकाळी आठ वाजता, आपापल्या पोहण्याच्या प्रमाणपत्राची खातरजमा म्हणून, तलावाची एक लांबी प्रत्यक्ष पोहून दाखवायची होती. जो दाखवणार नाही त्याला घरी बसवण्यात येणार होतं.

हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढा एक प्रसंग सोडला तर पाण्याशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता.

तसं त्यांचं प्रमाणपत्र खोटं मुळीच नव्हतं. पोहण्यात प्रथम वर्ग, शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर गुण. सव्वीस वर्षांपूर्वी या कचेरीत कारकुनाची जागा निघाली तेव्हा 'उमेदवारास पोहता आले पाहिजे' अशी अट होती. हेडक्लार्क राहत त्या गल्लीत पाणी दिवसाआड आणि तेही बादलीने यायचं. पण टपालाने वाट्टेल ते शिकवणारी एक संस्था होती. लघुलेखन, घड्याळदुरुस्ती, वक्तृत्व, आणि त्याच यादीत खाली पोहणं. तीस आठवडे, तीस पाठ. दर आठवड्याला जाड पाकीट यायचं. त्यातल्या आकृत्यांप्रमाणे आरशासमोर स्टुलावर पालथं पडून हातपाय मारायचे आणि मागच्या पानावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. 'बुडताना मनःस्थिती कशी असावी? पाच ओळींत लिहा.' हेडक्लार्कनी सात ओळी लिहिल्या होत्या. तपासनिसांनी लाल शाईत शेरा मारला होता, 'छान. मात्र बुडणारास एवढा वेळ नसतो.'

सगळं यथासांग चाललं होतं आणि सतरावा पाठ टपालात गहाळ झाला. सोळाव्याचं नाव होतं 'पाण्याशी मानसिक मैत्री'. अठराव्याची सुरुवातच अशी होती, 'आता आपण पाण्यात आहात.' मधलं पाकीट आलंच नाही. हेडक्लार्कनी दोन पत्रं टाकून पाहिली आणि मग परीक्षा जवळ आली म्हणून, आपण पाण्यात आहोत असं समजून, पुढचे तेरा पाठ बिनबोभाट पुरे केले. नोकरी लागली. खिडकीतून तलाव दिसायचा. एखाद्याला समुद्राकाठचं घर मिळावं आणि त्याने जन्मभर पडदे ओढून बसावं, तसे ते सव्वीस वर्षं त्या खिडकीकडे पाठ करून बसले.

त्यांनी टाचण्यांची डबी तशीच टाकली आणि तडक तलावावरच्या जीवरक्षकाला गाठलं. हा मनुष्य देहाने अवाढव्य. सगळा गाव त्याला पाणघोडा म्हणायचा आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. जमिनीवर चालताना त्याला धाप लागायची, पण पाण्यात पडला की लोणी तरंगावं तसा तरंगायचा. आजवर त्याने अकरा जणांना बुडताना बाहेर काढलं होतं.

"पाणघोड्या, नोटीस वाचलीस?"

"मला कुठे वाचायला सांगता साहेब. तुम्हीच सांगा की काय ते."

हेडक्लार्कनी सांगितलं. पाणघोडा पोट हलवून हसला. "मग त्यात काय! एक लांबी म्हणजे किती, डोळे मिटून होते."

"तुझी होते रे. माझं काय?"

पाणघोड्याचं हसू एकदम गळालं. "म्हणजे? तुम्हाला येत नाही? अहो, पण माझा पेपर तुम्हीच लिहिला होतात ना?"

ते खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी जीवरक्षकालाही प्रमाणपत्र लागेल असा फतवा निघाला, तेव्हा हेडक्लार्कनी पाणघोड्याचं नाव त्याच संस्थेत घातलं आणि सतरावं पाकीट त्याही खेपेला गहाळ झाल्याने उरलेल्या एकोणतीस पाठांची उत्तरं स्वतः लिहिली. त्याला आपल्यापेक्षा दोन गुण कमीच पडतील अशी काळजीही घेतली.

"पेपर लिहिणं वेगळं," हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाले.

"मग मी पोहतो की तुमच्या जागी. फिट्टंफाट."

हेडक्लार्कनी आधी पाणघोड्याच्या पोटाकडे पाहिलं, मग आपल्या काडीसारख्या मनगटाकडे, आणि ते कचेरीत परतले. नव्या अधीक्षक बाई स्वतः पोहण्यातल्या विजेत्या होत्या. त्यांच्या टेबलामागे पदकांची रांग टांगलेली असे. त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं शक्य नव्हतं.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला हे लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, कारण नवरा आंघोळीलाही तांब्या लांब धरून बसायचा.

"सरळ जाऊन सांगा ना बाईंना, की येत नाही."

"आणि नोकरी? सव्वीस वर्षांची नोकरी आहे. या वयात मला कोण दारात उभं करणार?"

"मग शिका."

"तेच तर. मला फक्त सतरावा पाठ हवाय. बाकी सगळं येतं."

बायकोने कपाळाला हात लावला. पण मोबाइल हातात घेऊन तिनेच ती संस्था शोधून काढली. संस्था जिवंत होती, एवढंच नाही तर बाळसं धरून होती. टपाल बंद झालं होतं आणि सगळे पाठ आता मोबाइलवर मिळत होते. जुन्या विद्यार्थ्यांना तर नाव घालताच प्रवेश. सतरावा पाठ यादीत होता, समोर कुलपाचं चित्र होतं. कुलूप उघडायचं तर आधी 'दूरशिक्षणाचा इतिहास' हा अनिवार्य भाग पाहून, त्यावरच्या वीस प्रश्नांत उत्तीर्ण व्हायला हवं होतं.

पंधरा तारखेला दहा दिवस राहिले होते आणि हेडक्लार्क दूरशिक्षणाचा इतिहास पाठ करत बसले. बायको पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची.

"टपालानंतर कोणतं युग आलं?"

"रेडिओचं. दर बुधवारी दुपारी दोन वाजता पोहण्याचा पाठ. निवेदक परातीत पाणी घेऊन छप् छप् आवाज काढायचा आणि श्रोत्यांनी वहीत लिहून घ्यायचं."

"काय लिहून घ्यायचं?"

"छप् छप्."

"रेडिओनंतर?"

"कॅसेट. पण एका तुकडीच्या कॅसेटा 'डावीकडे श्वास घ्या' इथेच अडकायच्या. त्या सालचे सगळे पदवीधर अजून डावीकडेच बघतात. मग टीव्ही. मग सीडी. आणि आता मोबाइल, म्हणजे दूरशिक्षणाचा कळस."

"आणि यातल्या कुठल्या युगात माणूस भिजला?"

"तो प्रश्न परीक्षेला नाही," हेडक्लार्क चिडून म्हणाले.

ते दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. कुलूप उघडलं. सव्वीस वर्षं अडलेला सतरावा पाठ पडद्यावर आला. त्यात एक तरतरीत तरुण निळ्या भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, "आता निर्धास्तपणे पाण्यात उतरा. पुढचं सगळं आपण अठराव्या पाठात पाहू." आणि शाबासकीच्या टाळ्या वाजल्या.

हेडक्लार्कनी तो पाठ पुन्हा एकदा लावून पाहिला. मग त्यांनी पाणघोड्याला फोन केला.

चौदा तारखेला सकाळी सहाला, तलाव उघडण्याआधी, ते दोघे उथळ बाजूला उतरले. म्हणजे पाणघोडा उतरला. हेडक्लार्क शिडीची एकेक पायरी मनात मोजत, पंधरा मिनिटांत कमरेइतक्या पाण्यात पोचले.

"आता माझ्या हातावर पालथे पडा, साहेब. मी धरलंय."

"मला फक्त आधाराला काहीतरी दे. एक स्टूल असतं तर..."

"पाण्यात कुठलं स्टूल? मी आहे ना!"

हेडक्लार्क पालथे पडले. नाकाला पाणी लागताच ते पहिले सोळाही पाठ एकदम विसरले, पुढचे तेराही विसरले, आणि हाताला जे लागेल ते त्यांनी घट्ट धरलं. हाताला लागली ती भिंतीलगतची लोखंडी साखळी. तलाव जुन्या काळचा. खोल बाजूच्या तळाशी निचऱ्याचं मोठं बूच होतं आणि त्याची साखळी भिंतीच्या कडेने उथळ बाजूपर्यंत आणून अडकवलेली होती. वर्षातून दोनदा, सफाईच्या वेळी, चार माणसं मिळून ती ओढत. बुडणाऱ्या माणसाच्या अंगात चार माणसांचं बळ येतं, हे दहाव्या पाठात होतंच.

"साहेब, सोडा! साखळी सोडा!"

"सोडू कशी? बुडेन ना!"

बूच निघालं. तळाशी कुणीतरी मोठ्याने चहा भुरकावा तसा आवाज झाला. पाणघोड्याने बुड्या मारून बूच परत बसवायचा आटापिटा केला, पण जुनं रबर चिरलं होतं. संध्याकाळपर्यंत तलाव ठणठणीत कोरडा झाला. नवं रबर यायला आणि पाणी भरायला आठ दिवस लागणार होते.

हेडक्लार्कनी अधीक्षक बाईंपुढे 'साखळी जुनी झाली होती' एवढंच सांगितलं आणि आतून त्यांना गुदगुल्या झाल्या. तलावच नाही तर परीक्षा कसली! पण बाईंनी मुख्य कचेरीला फोन लावला, तर वरच्या साहेबांनी तारीख बदलायला साफ नकार दिला. अहवाल पंधरालाच जायला हवा होता. शिवाय ते स्वतः नव्या विचारांचे होते.

"पाणी नाही तर नाही. अहो बाई, जग कुठे चाललंय! आपण परीक्षा ऑनलाइन घेऊ. स्टुलावर झोपवा, कॅमेरा लावा. माझ्याकडे गुणपत्रक आहे. हातपाय बरोबर चालतात की नाही ते मी इथून बघतो."

"पण साहेब, पोहणं हे पाण्यात..."

"तुम्ही पण द्या परीक्षा. अपवाद केला जाणार नाही असं तुमच्याच नोटिशीत आहे."

पंधरा तारखेला सकाळी आठ वाजता कोरड्या तलावाच्या काठावर एक स्टूल मांडलं गेलं. समोर खुर्चीवर लॅपटॉप, त्यात वरच्या साहेबांचा चष्मा आणि अर्धं कपाळ.

पहिला पाणघोडा. तो स्टुलावर आडवा झाला, स्टूल कुरकुरलं, त्याने पहिला हात मारला आणि दाणकन खाली आला. दुसऱ्यांदा चढला. या खेपेला डाव्या बाजूने आला.

"या गृहस्थांना समतोल अजिबात नाही," लॅपटॉप म्हणाला. "शंभरपैकी नऊ. यांना पाण्याजवळ फिरकू देऊ नका."

अधीक्षक बाईंनी दातओठ खाऊन स्टुलावर झेप घेतली. त्यांचा हात पाण्याच्या अंदाजाने फिरायचा आणि खालच्या फरशीवर आपटायचा. श्वासही त्या गुणपत्रकाच्या उलट्या बाजूने घेत होत्या. पदकांच्या धनी असलेल्या बाईंना एकतीस गुण पडले.

मग हेडक्लार्क आले. बुशशर्टाची बटणं नीट लावून ते स्टुलावर पालथे पडले, आणि पुढची तीन मिनिटं त्या तलावाने कधी पाहिलं नव्हतं असं पोहणं झालं. हात पुस्तकातल्या आकृतीसारखे, पाय कात्रीसारखे, श्वास घड्याळाच्या ठोक्याला. सव्वीस वर्षांची साधना होती ती. पाणघोडा तर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"वा! क्या बात है!" लॅपटॉपमधून टाळ्या आल्या. "अठ्ठ्याण्णव! असा माणूस तुम्ही टाइपरायटरवर बसवलात?"

नोकरी वाचली. त्या दुपारी हेडक्लार्क घरी जाताना शीळ घालत गेले. दुसऱ्या दिवशी मुख्य कचेरीचा आदेश आला, आणि शीळ घशातच राहिली. तलाव भरल्याबरोबर हेडक्लार्कनी जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवर रुजू व्हायचं होतं. पाणघोड्याने आवक-जावक सांभाळायची होती. नापास झालेल्या बाईंना फेरपरीक्षा होईपर्यंत पाण्यात उतरायला बंदी होती.

आठ दिवसांनी तलाव भरला. हेडक्लार्क गळ्यात शिटी घालून खुर्चीवर चढले. दाराबाहेर माणसांची रांग लागली होती, बरीचशी चिल्लीपिल्ली होती, आणि सगळ्यांना कधी एकदा पाण्यात उडी मारतो असं झालं होतं. वरून ते पाणी आणि ती रांग पाहताना हेडक्लार्कांना नोकरीची भीती वाटेनाशी झाली. त्याहून मोठी भीती वाटायला लागली. यातलं एखादं पोर खाली गेलं तर आपण काय करणार? पाच ओळींत लिहिणार?

ते उतरले आणि सरळ बाईंच्या खोलीत गेले. खिडकीपाशी पाणघोडा आवक रजिस्टर उलटं धरून बसला होता.

"बाई, मला पोहता येत नाही. साखळी मीच ओढली. मला घरी बसवा, पण दार उघडू नका."

बाई खिन्नपणे हसल्या. "येत नाही ते मला त्या स्टुलावरच कळलं. पाण्यातला माणूस इतकं सुरेख पोहतच नाही. पण मी काय करू? माझ्याकडे लेखी पुरावा आहे की तुम्हाला पोहता येतं आणि मला येत नाही. मी वर कळवलंही. उत्तर आलं, नापास उमेदवाराने गुणवंतावर आक्षेप घेऊ नये."

"मग आता?"

"कागद बदलत नाही म्हटल्यावर तुम्हालाच बदलायला हवं. कपडे काढा."

दारावर 'पाण्याची तपासणी चालू' अशी पाटी लागली. रांगेतून शिव्या आल्या, त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतल्या. रोज सकाळ-संध्याकाळ, मुख्य कचेरीच्या लेखी पोहता न येणारी दोन माणसं, मुख्य कचेरीच्या सर्वोत्तम पोहणाऱ्याला दोन बाजूंनी पोटाखाली हात घालून तरंगवू लागली. बाई ओरडायच्या, पाणघोडा चुचकारायचा, आणि हेडक्लार्क गटांगळ्या खात 'आकृतीत असं नव्हतं' म्हणायचे.

सहाव्या दिवशी बायको विसरलेला टॉवेल घेऊन आली. काठावर हेडक्लार्कांच्या कपड्यांवर ठेवलेला मोबाइल वाजत होता. तिने उचलला, आणि भलतंच बटण दाबलं गेल्याने पडद्यावर एक चष्मा आणि अर्धं कपाळ उगवलं.

"हेडक्लार्क कुठे आहेत?"

"पाण्यात आहेत," बायको म्हणाली. "तुम्ही कोण?"

साहेबांनी आपली ओळख दिली. बायकोने घाईघाईने पदर सावरला आणि सावरताना मोबाइल तलावाकडे वळला. साहेबांना दिसलं ते असं. छातीभर पाण्यात मधोमध हेडक्लार्क, त्यांना डावीकडून अधीक्षक बाई बिलगलेल्या आणि उजवीकडून पाणघोडा.

"अरे वा! म्हणजे हे दोन्ही नापासांना शिकवताहेत?"

बायकोने तलावाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. नवऱ्याची नोकरी तिच्या हातात आहे, हे तिला बरोब्बर कळलं.

"तेच तर, साहेब. सहा दिवस झाले. दोघंही त्यांना क्षणभर सोडत नाहीत."

"सोडलं तर?"

"बुडेल ना!"

"कोण?"

"तिघांतलं एक तरी नक्की बुडेल," बायको म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

साहेब गहिवरले. "केवढी तळमळ! पण माझा एक निरोप सांगा. असा जन्मभर आधार देऊन चालत नाही. म्हणावं, आता एकमेकांना सोडा. मला बघू दे."

बायकोने हाताचा कर्णा केला. "अहो! वरचे साहेब बघताहेत! म्हणताहेत, सोडा!"

वरच्या साहेबांचं नाव ऐकताच पाणघोड्याने दोन्ही हात काढून सलाम ठोकला. बाईही दचकून ताठ उभ्या राहिल्या. मध्ये हेडक्लार्क होते, ते दिसेनासे झाले. मग एक हात वर आला, मग एक पाय, मग पुन्हा तोच हात. डोकं वर आलं, डोळे बटाट्याएवढे, तोंडातून कारंजं, "मेलो, मेलो गं!" अशी आरोळी, आणि पुन्हा सगळं खाली. पाणी छातीइतकंच आहे हे त्यांना तिसऱ्या गटांगळीला कळलं, तेव्हा ते उभे राहिले आणि थरथरत खोकत राहिले.

बायकोचा जीव भांड्यात पडला. मग तिला मोबाइलची आठवण झाली. आता संपलंच सगळं, असं समजून तिने डोळे मिटले. पण पडद्यातून टाळ्या येत होत्या.

"हुबेहूब!" साहेब ओरडत होते. "बुडणारा माणूस कसा दिसतो, याचं इतकं जिवंत प्रात्यक्षिक मी आजवर पाहिलं नाही! आणि ते दोघं बघा, कुणाच्या आधाराशिवाय कसे स्थिर उभे आहेत पाण्यात! उत्तीर्ण. दोघंही उत्तीर्ण. उद्यापासून आपापल्या जागेवर रुजू व्हा म्हणावं."

"आणि हे?" बायकोने भीत भीत विचारलं.

"यांना पाण्यात ठेवणं म्हणजे अपव्यय आहे. यांना पुन्हा टेबलावर बसवा. आपण सगळ्या तलावांसाठी घरबसल्या पोहण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढतोय. तो हेच लिहितील."

पाण्यात उभ्या असलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाणघोड्याला आनंदाने रडू फुटलं. बाईंनी ओले केस मागे सारले आणि दारावरची पाटी काढायला त्या पळतच निघाल्या. हेडक्लार्कांच्या कानात पाणी गेलं होतं, त्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते काठाला धरून, दम खात, बायकोला विचारत होते.

"काय म्हणाले? घरी बसवलं ना?"

"हो," बायको टॉवेल पुढे करत म्हणाली, "सगळ्यांनाच."